इमो, त्या एका अंड्याचे आभार

प्रिय इमो,

कोरियनमध्ये इमो म्हणजे मावशी, आणि इथे कोरियात, सुवनला आल्यापासून तुम्ही आम्हाला तशाच. हे पत्र तुम्हाला वाचता यायचं नाही. पण माझं कोरियन तुमच्या दुकानात किमची मागण्यापुरतं. पोटातलं बोलायला मराठीच लागते.

लेक इथल्याच शाळेत वाढला. घरी मराठी बोलतो, डोक्यात मात्र कोरियनच. इंग्रजीच्या धड्यात कोल्हा 'कनिंग' होता. कोरियनमध्ये 'खॉनिंग' म्हणजे परीक्षेत कॉपी करणं. शब्द इंग्रजीचाच, पण जपानच्या वाटेने आला आणि अर्थ बदलून बसला. पोराने लिहिलं, कोल्ह्याने कॉपी केली. शिकवणीच्या सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं, पोरं खिदळली, वर शब्द पन्नासदा लिहायची शिक्षा. अर्थ? तो सांगायला कुणाला वेळ नव्हता. फी तेवढी महिन्याच्या महिन्याला.

(आपण तरी काय, मिसळ खायला 'हॉटेलात'च जातो ना! साहेब तिथे झोपायला जातो.)

रडवेलं तोंड घेऊन तो तुमच्याकडे आला. तुम्ही नेहमीसारखं सोयात मुरलेलं एक अंडं डब्यात जास्तीचं टाकलंत, 'सॉबिसु' म्हणालात. मग थांबून विचारलंत, "इंग्रजीत फुकट देण्याला हेच म्हणतात ना रे?" तो म्हणाला, "नाही आजी, सर्व्हिस म्हणजे सेवा." तुम्ही पोट धरून हसलात, स्वतःलाच. आणि हिशेबाची वही त्याच्यापुढे सरकवलीत. लिही, मला शिकव.

ती सरकवलेली वही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मोठ्या माणसाने पोरापुढे आपली चूक अशी उघडी ठेवलेली मी फार कमी पाहिली आहे. आमच्या घरातही नाही, माझ्याकडूनही नाही.

त्याने 'सर्व्हिस' लिहिलं, खाली आपणहून 'कनिंग' लिहिलं. कोल्हा तुमच्या गोष्टींतही तसलाच, त्यामुळे तुम्हाला लगेच कळलं. मराठीत काय म्हणतात, हेही तुम्ही विचारलंत. लबाड, त्याने सांगितलं. तुमच्या लिपीत र आणि ल एकाच अक्षरात राहतात, म्हणून त्याचं झालं 'राबादु'.

तेव्हापासून तो दारात दिसला की तुम्ही तशीच हाक मारता. काल डब्यात दोन अंडी होती.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची, राबादुची आई