ओढणीचा खिळा

सांगली,
दि. ३ मे

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे संक्रांतीचे पत्र आले, त्यातला तिळगूळ संपला आणि चैत्रही संपला, तरी माझे उत्तर गेले नाही. याबद्दल तू मनात जे काही म्हणाली असशील ते सर्व मला मान्य आहे. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि गुडघे जिना पाहिला की कुरकुरतात, एवढेच. यांचेही बरे चालले आहे. आता मुद्द्यावर येते. हा मुद्दा येथे कोणाला सांगितला तर लोक हसतील. तू मात्र आधी रागावशील आणि मग हसशील, आणि मला सध्या रागावणाऱ्या माणसाची गरज आहे.

आमच्या पुढच्या दाराच्या आतल्या अंगाला एक खिळा आहे, तो तुला ठाऊक आहे. त्यावर कायम एक ओढणी असते. ओढण्या बदलल्या, दार एकदा बदलले, खिळा मात्र पुन्हा तेथेच ठोकला गेला. दूधवाला आला, गॅसची टाकी आली, समोरच्या काकू प्रसाद घेऊन आल्या, की गाऊनवर ती ओढणी टाकायची आणि मगच कडी काढायची. माझ्या पहिल्या बाळंतपणात डॉक्टरीणबाईंनी पुढे चेन असलेला गाऊन घालायला सांगितला, तेव्हा सासूबाईंशी झालेल्या तहातले हे कलम. गाऊन माजघरापर्यंत चालेल, उंबऱ्याजवळ ओढणी. मी ते कलम इतकी वर्षे इतके निमूट पाळले की ते कलम आहे हेच विसरून गेले. तू एकदा म्हणाली होतीस की, गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणाऱ्या वस्त्रावर आणखी एक वस्त्र कशासाठी, तुझा गाऊन काय थंडीने कुडकुडतो आहे? मी तेव्हा तुझ्यावर चिडले होते, कारण उत्तर सुचले नव्हते.

सूनबाई फेब्रुवारीपासून आमच्याकडेच आहे. तिचे काम संगणकावरचे, पुण्याच्या कंपनीचे, ते ती माडीवरच्या खोलीतून करते. घरात ती सैल टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची अर्धी विजार घालते. पहिले चार दिवस मला ते डोळ्यांत खुपले, पाचव्या दिवसापासून दिसेनासे झाले. खरे सांगायचे तर हेवा वाटू लागला, कारण तिच्या विजारीला दोन खोल खिसे आहेत आणि आपण जन्मभर किल्ल्या कमरेला खोचत आलो आहोत.

मग एप्रिलच्या मध्यावर एके दुपारी गॅसची टाकी आली. यांचे थोरले चुलतभाऊ झोपाळ्यावर बसले होते. सूनबाई धावत खाली आली आणि दाराकडे निघाली, आणि मी स्वयंपाकघरातून, ताक घुसळता घुसळता, मागे वळूनही न पाहता म्हणाले, "अगं, ती ओढणी घे आधी." कुंदा, शब्द सासूबाईंचे होते, हे मी एक वेळ समजू शकते. पण सूरही त्यांचाच होता, तो "आधी"वरचा हेलसुद्धा. तीस वर्षे ऐकलेला तानपुरा असा गळ्यातून वाजतो.

ती काही बोलली नाही. ओढणी घेतली, टी-शर्टवर नीट दोन्ही खांद्यांवरून पसरली आणि टाकीचे पैसे देऊन आली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती सकाळी आठला पूर्ण सलवार-कमीज घालून खाली उतरते, ओढणीला दोन्हीकडे पिना लावलेल्या. बाहेर चाळीस अंश, आत पंखा गरम हवा ढवळतो आहे, आणि ही पोर अस्तराच्या कमिजात कणीक मळते आहे. मानेवर घामोळे उठले आहे. मी एकदा म्हटले, "अगं, घरातल्यासारखी राहा की." तर म्हणाली, "मी ठीक आहे, आई." तोंडावर राग नाही, बोलण्यात टोमणा नाही. तू आणि मी भांडत होतो तेव्हा निदान कळत तरी होते की भांडण चालू आहे. चिरंजीवांना विचारले तर ते म्हणतात, "मला कशाला मध्ये घेतेस?" हे वाक्य या घराण्यातले पुरुष वारसाहक्काने मिळवतात.

आणि हे पत्र ज्यामुळे लिहायला बसले ते परवाचे. ती पोळ्या करत होती. ओढणीची एक पीन सुटलेली, टोक शेगडीवर गेले आणि भप्पकन पेटले. मी ओढणी तिच्या खांद्यावरून ओरबाडून मोरीत फेकली आणि वर पाण्याची घागर ओतली. तिला काही झाले नाही, माझा अंगठा थोडा पोळला. पण ती ओढणी कृत्रिम धाग्याची होती, त्यामुळे जळण्याबरोबर वितळली आणि तिचे काळे टणक थेंब मोरीच्या फरशीला चिकटून बसले. ते मी सुरीने खरवडत होते, आणि हे थेंब कातडीला चिकटले असते तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नव्हता. तू शिवणवर्गातल्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगतेस ना, की चुलीपाशी सुती, अंगाबेताचे आणि कोपरापर्यंतच बाही असलेले कपडे घाला? मी मात्र तिला चुलीपाशी ओढणीत उभी केली.

आता तुला एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती या सगळ्याच्या मुळाशी आहे असे मला वाटते. माझ्या लग्नात, १९८८ साली, तू स्वतः शिवून दिलेला निळ्या ठिपक्यांचा मलमलीचा गाऊन. पुढे तू आलीस तेव्हा मी तुला सांगितले की तो धुण्यात विरला, रंगही गेला. तू म्हणालीस की, रंग जाणे शक्य नाही, मी कापड मिठाच्या पाण्यात भिजवून पाहिले होते. त्यावरून आपण दोन वर्षे एकमेकींना पत्र लिहिले नाही. कुंदा, तो विरला नव्हता आणि त्याचा रंगही गेला नव्हता. सासूबाईंनी तो पाहून "असले झगे आपल्यात नाहीत" असे म्हटले आणि मी त्याच आठवड्यात त्याचा गळा शिवून टाकून माझ्या तंबोऱ्याला त्याची गवसणी केली. तो अजून आहे. वर चुण्या, खाली घेर, भोपळ्यावर असा बसतो की तू मापच तंबोऱ्याचे घेतले होतेस की काय अशी शंका यावी. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा मी कोपऱ्यात पाहून म्हटले, बाई, तुझे तरी भले झाले, मान मिळाला आणि गाऊनही मिळाला.

सासूबाईंना सगळा दोष द्यावा तर तेही जमत नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा नऊवारी नेसत असत, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड अंगावर, आणि साडेपाच मीटरची सहावारी नेसू लागल्या तेव्हा त्यांच्या सासूने त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. म्हणजे त्यांच्या काळी सहावारी हाच गाऊन होता. ती लढाई त्यांनी जिंकली आणि तिच्याबरोबर परकराची नाडी आली. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना अंघोळ घालत असे तेव्हा त्यांच्या कमरेभोवती बोटभर रुंदीचा काळा, राठ झालेला वळ पाहिला होता. ऐन गाठीच्या जागी कातडी जनावराच्या खांद्यासारखी झालेली. २०२४ च्या अखेरीस वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन म्हाताऱ्या बायकांची हकीकत छापली. वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधल्याने तेथे व्रण झाला आणि त्याचा पुढे कर्करोग झाला. सासूबाईंना तसे काही नव्हते. पण ती बातमी वाचून मी माझ्या सगळ्या परकरांच्या नाड्या काढून रुंद पट्ट्या घातल्या आणि तरीही, बघ, ओढणीचा खिळा माझ्या लक्षात आला नाही.

आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, तेव्हा आम्ही नावेतून बाहेर पडलो. मी गाऊनवर होते, वर ओढणी, त्यावर यांचा रेनकोट. सासूबाई मात्र नाव दाराशी लागलेली असताना आत जाऊन लुगडे बदलून आल्या आणि नावाड्याला तोवर थांबावे लागले. मिरजेला माझ्या नणंदेकडे पोहोचेपर्यंत तेही चिंब झाले. तेथे कोरडे असे नणंदेचे गाऊनच होते. आठ दिवस त्यांनी ते घातले. तिसऱ्या दिवशी पलंगावर बसून पाय हलवत त्या मला म्हणाल्या, "पायांना वारा लागतो गं." बस, एवढेच. घरी परतल्यावर चिखल काढण्याआधी त्या पुन्हा लुगडे नेसल्या आणि तो विषय कायमचा संपला. मला त्यांचा त्या दिवशी इतका राग आला होता की काय सांगू. वारा लागतो हे त्यांना एकतीस वर्षांपूर्वी कळले असते तर! आता वाटते, सूनबाई माझ्याविषयी असेच एखादे पत्र तिच्या कुंदाला लिहीत असेल.

तुझी वन्संची कटकट मिटली का? यांचा मोतीबिंदू तुमच्या भावजींच्या आधी झाला, त्यामुळे हे आता तज्ज्ञ झाले आहेत; काही विचारायचे असल्यास फोन करावा, दीड तास मोकळा ठेवून. नातीच्या दहावीच्या निकालाचे कळव. साताऱ्यात रात्री पांघरूण लागते असे तू लिहितेस, हे या दिवसांत सांगलीकरांना लिहिणे बरे नव्हे.

तर आता मी काय करू? माफी मागावी तर ती "अहो आई, त्यात काय" म्हणून मोकळी होईल आणि उद्या पुन्हा पिना लावून खाली येईल. तिला चांगलेसे दोन गाऊन शिवून द्यावेत असे आधी मनात आले होते, आणि मी इचलकरंजीहून पांढऱ्या मलमलीचे सहा मीटर कापड आणवलेही. ते हातात घेतल्यावर कळले की हाही हुकूमच आहे, फक्त मऊ कापडातला. तिच्याकडे तिचे घरातले कपडे आहेत आणि ते चांगले आहेत. माझ्याकडे नाहीत. मागच्या दिवाळीत बाजारातून स्वस्त म्हणून घेतलेले दोन्ही गाऊन पॉलिस्टरचे निघाले, तुळतुळीत आणि छापील, घाम टिपत नाहीत, अंगाला नुसते चिकटतात. तू सांगतेस ते खरे आहे: सूत हवेतला दमटपणा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत सामावून घेते आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. हे आकडे तू मला तीन वेळा ऐकवलेस आणि मी तीन्ही वेळा रंग पाहून खरेदी केली.

म्हणून ते कापड आता मी माझ्यासाठी वापरणार आहे. ओढणी खिळ्यावरून काढली आहे; यांनी लगेच तेथे विजेची बिले अडकवली. गाऊन शिवून झाला की एका रविवारी सकाळी, चुलतभाऊ झोपाळ्यावर असतानाच, दूधवाल्याला मी स्वतः दार उघडणार आहे, ओढणीशिवाय, आणि सूनबाई तेव्हा स्वयंपाकघरात असेल अशी वेळ साधणार आहे. याहून चांगले काही तुला सुचत असेल तर सांग. न सुचल्यास माझी फजिती होईल, ती मी तुला सविस्तर लिहीन.

माझे मागणे एवढेच आहे की, तुझ्याकडचा त्या गाऊनचा तपकिरी कागदावरचा बेत मला टपालाने पाठव. तोच हवा, १९८८ चा. छातीचे माप आता चार इंचांनी वाढव, नको विचारू. योक थोडा खाली घे, बाही कोपरापर्यंत, काखेत चौबगला घाल म्हणजे वरच्या फळीवरचे डबे काढताना ओढ बसणार नाही. घेर घोट्याच्या वर चार बोटे. कापड मी दोन वेळा पाण्यातून काढून वाळवले आहे, मगच बेतणार आहे, तेव्हा आटण्याबद्दल व्याख्यान नको. आणि दोन्ही बाजूंना खिसे, पंजा पूर्ण आत जाईल इतके खोल. सूनबाईच्या विजारीचे माप घेऊन ठेवले आहे, ती आंघोळीला गेली असताना.

तंबोऱ्याची गवसणी तुझ्यासाठी जपून ठेवली आहे. उन्हाळा उतरला की ये आणि मला जे बोलायचे ते समोर बोल.

तुझी,
नलू

ता. क. चेन नको, बटणे लाव. चेन बिघडली की माझ्याने उघडत नाही आणि यांच्याने बंद होत नाही.