काका, तुम्ही शब्द टाकला नाहीत म्हणून

काका, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला आलो असतो तर तुम्ही विषय भडंगाकडे वळवला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, आता मधेच उठून जाता यायचं नाही.

२०१९ चा फेब्रुवारी आठवतो? कुपवाड एमआयडीसीत आपण एकाच शेडमध्ये होतो. तुम्ही टूलरूमला, मी सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर. आयटीआय मशिनिस्ट करून मी २०१४ च्या नोव्हेंबरात लागलो होतो आणि सव्वाचार वर्षांनंतरही जॉब (म्हणजे घडवायचा तुकडा) लावा, बटण दाबा, जॉब काढा एवढंच करत होतो. सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, करा म्हटलं की "दिवाळीनंतर बघू". अशा चार दिवाळ्या झाल्या. त्या दिवशी नवीन आलेल्या पोराला सेटिंगला घेतलं आणि माझं डोकं फिरलं. राजीनामा खिशात घालूनच मी तुमच्याकडे आलो आणि म्हणालो, "काका, मिरजेच्या त्या शेठला तुम्ही ओळखता. माझ्यासाठी एक शब्द टाका."

"टाकणार नाही," तुम्ही म्हणालात. चष्मासुद्धा वर केला नाहीत.

आता कबूल करतो, त्या रात्री सांगलवाडीला घरी जाईपर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही बोललो. माणूस म्हातारा झाला की आतून कोरडा होतो, असंही म्हणालो. माफ करा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन गोष्टी केल्यात. पहिली म्हणजे हिशेब. "१९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा आहे. सलग पाच वर्षं भरली की हक्क लागतो. शेवटच्या पगाराला, बेसिक आणि महागाई भत्त्याला, २६ नं भाग, १५ नं गुण, मग वर्षांनी गुण. तुझे नऊ महिने राहिलेत. रागाच्या भरात एवढे पैसे सोडणार आहेस का?" आणि जाताना पीएफ काढून मोबाईल घेऊ नकोस, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर कर, पेन्शनला दहा वर्षांची नोकरी धरतात, हेही. चार वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

दुसरी गोष्ट म्हणजे ते कोरं रूट कार्ड, जॉबवर कुठलं काम कुठल्या क्रमानं करायचं ते लिहायचं. ऑपरेशन नंबर, मशीन, टूल, वेळ, तपासणी असे रकाने आणि कोपऱ्यावर तुमच्या अंगठ्याचा तेलकट ठसा. "जॉबचं कार्ड नसेल तर मशीनला हात लावत नाहीस. मग स्वतःला कार्डाशिवाय कसा काय लावून बसलास?"

मी ऑपरेशन नंबर १० समोर लिहिलं, "प्रोग्रामर होणे". तुम्ही लाल पेनानं काट मारलीत. "ही इच्छा झाली. ऑपरेशन लिही. कुठल्या मशीनवर, कशानं, किती वेळात?" तीन वेळा खोडून शेवटी १० झालं: ड्रॉइंगवरचे टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, वाचणं, रोज जेवणाच्या सुट्टीत एक ड्रॉइंग, दोन महिने. २०: मशीनच्या फॅनक कंट्रोलचं मॅन्युअल, रोज चार पानं, प्रोग्राम आधी वहीत हातानं. ३०: सहा वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांना काय लागतं ते विचारणं. कामासाठी नाही, नुसतं विचारायला.

नंबर दहा-दहाच्या अंतरानं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. प्रोग्राममध्येही एन १०, एन २० लिहितो, मधे ओळ घालायला जागा राहावी म्हणून. ते कळलं ऑगस्टमध्ये. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. घरात पाणी होतं तोवर आम्ही पाहुण्यांकडे, नंतर भिंतींवरचा गाळ खरवडत. वही गेली, कार्ड मात्र लॉकरमध्ये असल्यानं वाचलं. तुम्ही ते मागून घेतलंत आणि १० आणि २० च्या मधे लिहिलंत: "१५. घर उभं करणं." बाकी काही बोलला नाहीत. लॉकडाऊनमध्ये २५ मी स्वतःच घातलं.

मधल्या काळात तुम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांचं कार्ड सांगितलं होतंत. १०, चित्रकला: रंग नीट ओळखता येईनात, बंद. २०, यांत्रिक ड्रॉइंग. ३०, मुंबईत व्हीजेटीआयला शिकवणं: बढती डावलली, राजीनामा. ४०, बेळगावात सायकली. ५०, लोखंडी नांगर. आणि तिथली जागा सोडावी लागली तेव्हा १९१० ला कुंडलच्या माळावर. "दोन ऑपरेशनं रिजेक्ट झाली, जॉब नाही," म्हणालात. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात, शाळेची सहलही गेली होती. पण त्या माणसालाही बढती नाकारली होती, हे मला तेव्हाच कळलं.

३० नंबरला सहापैकी चार ठिकाणी वॉचमननंच परत लावलं. पाचव्या ठिकाणी मालक स्वतः बोलले: "बटण दाबणारे ढिगानं येतात. नवीन ड्रॉइंग दिल्यावर पहिला पीस ओके काढणारा मला दाखव." मग मी रात्रपाळी मागून घेतली, कारण रात्री सेटरला झोप येते आणि तो शिकवायला तयार असतो. (हे सुपरवायझरला कळू नये.) वहीत लिहायला लागलो. एका बुशचा सायकल टाइम, म्हणजे एक नग काढायचा वेळ, टूलची रिकामी धाव कमी करून चार मिनिटं दहा सेकंदांवरून तीन पंचवीसवर आणला, तारखेसकट. २०२१ च्या जूनमध्ये त्याच पाचव्या मालकासमोर ती वही ठेवली. त्यांनी दाखला बघितलाच नाही, तीन पानं वाचली आणि कधी येतोस विचारलं.

तुम्ही शब्द टाकला असतात तर मिरजेला मी बटणच दाबत राहिलो असतो, वर तुमचा मिंधा.

एक तक्रार आहे. तपासणीच्या रकान्यात तुम्ही कधी सही केली नाहीत. "माझी कशाला? जॉब तुझा." दर दिवाळीला मीच करतो आणि दर वेळी वाटतं, एखादी तरी तुमची असायला हवी होती.

५० कोरं आहे. स्वतःचं एक मशीन घ्यायचं डोक्यात आहे, पण कर्जाचा आकडा बघून हात थरथरतो. रविवारी दुपारी कार्ड घेऊन येतो. काकूंना सांगा, चहा बिनसाखरेचा. आणि लाल पेन शोधून ठेवा.

तुमचा,
सीएनसी नंबर तीनवरचा