हातांवर कोणी चालत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत गुडघेदुखीवर लेख होता. लेख उपयोगाचा आहे. त्यातली व्यायामाची चित्रे माझ्या आईने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. पण शरीराचे ओझे गुडघ्यावर येते आणि कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली गुळगुळीत गादी, झिजते, एवढेच कारण त्यात दिले आहे. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे आम्हाला बारा वर्षांत कोणी सांगितले नाही आणि त्याची किंमत आईच्या मनगटाने मोजली, म्हणून हे पत्र.

आई ७६ वर्षांची आहे. एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांतली फट कमी झालेली, कडांना हाड वाढलेले. दर खेपेला ऐकायला मिळायचे, "आजी, वंगण संपलंय, वजन जरा उतरवा." गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आम्ही घरी यायचो. वजन तरी किती? ५८ किलो. हातपाय काटकुळे, पोट तेवढे सुटलेले. तरी तिने मनावर घेतले. रात्रीची भाकरी बंद केली, दूध सोडले, वाटीतले घट्ट वरण माझ्या ताटात येऊ लागले. आठ महिन्यांत सहा किलो उतरले. शेजारणींनी कौतुक केले, मीही केले. हाडांचा विषय काढला की ती म्हणायची, "अगं, माझी हाडं जुन्या खाण्याची आहेत, मला काय होतंय?" शिवाय एक्स-रेमध्ये हाड 'वाढलेले' होतेच. वाढलेले हाड म्हणजे मजबूत हाड, अशी आमची सगळ्यांचीच समजूत.

मागच्या पावसाळ्यात मोरीच्या उंबऱ्यावर तिचा पाय घसरला. पडताना हात टेकला आणि मनगट मोडले. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला सांगितली. कण्याचा आकडा आला उणे १.३, खुब्याचा उणे २.८. उणे २.५ किंवा त्याखाली गेले की हाडे ठिसूळ झाली असे धरतात. मग कण्याचा आकडा बरा कसा? तर कण्याच्या मणक्यांनाही कडेने हाड वाढले होते आणि यंत्राने तेही मोजून घेतले होते. ज्या वाढलेल्या हाडाचा आम्हाला आधार वाटत होता, त्यानेच आकडा फुगवला. गुडघ्यातही कूर्चेखालचे हाड एक्स-रेवर पांढरे, जाड दिसते. त्यात खनिजे मात्र बऱ्याचदा निरोगी हाडापेक्षा कमी असतात.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आईची बोटे पाहा. भाकरी थापताना हात उलटा झाला की शेवटच्या पेरांवरच्या कडक गाठी दिसतात. तोच संधिवात, सांधे झिजण्याचा. हातांवर कोणी चालत नाही, तरी स्थूल माणसांत बोटांचा हा विकारही जास्त आढळतो. सारा दोष ओझ्याचाच असता तर असे झाले नसते. अंगातली चरबी रक्तावाटे काहीतरी पाठवत असली पाहिजे, हा विचार याच निरीक्षणातून बळावला.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. चरबी म्हणजे साठवलेली ऊर्जा, असे कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आले. पण १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधले. चरबीच्या पेशीतून निघणारे, मेंदूला 'पोट भरले' असे कळवणारे हे हार्मोन. पुढच्या काही वर्षांत ॲडिपोनेक्टिन, रेझिस्टिन अशी त्याची भावंडे सापडली. म्हणजे चरबी ही कोठी तर आहेच, ग्रंथीही आहे. आणि तिचा एक गोळा थेट गुडघ्यातच असतो, वाटीच्या खाली. संधिवात झालेल्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात लेप्टिन सापडते. ते कूर्चा कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) चालना देते, सूज पेटती ठेवते.

हाडांशी या हार्मोनांचे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. लेप्टिन हाड बांधणाऱ्या पेशींवर थेट पडले की त्यांना जोर देते. पण उंदरांवरच्या प्रयोगांत तेच लेप्टिन मेंदूच्या वाटेने गेले तेव्हा हाड बांधण्याचे काम मंदावले. ॲडिपोनेक्टिनचे आणखी वेगळे. चरबी वाढली की इतर हार्मोने वाढतात, हे कमी होते. रक्तातल्या साखरेसाठी ते चांगले मानतात, पण ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांच्या हाडांची घनता कमी, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरात हाडे जपणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन जे थोडे तयार होते, तेही मुख्यतः चरबीतच. म्हणून भरल्या अंगाच्या बायकांची हाडे मोजणीत घट्ट भरतात. तरी त्यांचे घोटे आणि मांड्या मोडण्याचे प्रमाण कमी नाही, उलट जास्तच आढळले आहे. शिवाय हाडाच्या पोकळीतल्या ज्या मूळ पेशीपासून हाड बांधणारी पेशी होते, तिच्यापासूनच चरबीची पेशीही होते. वय वाढते तसा कल चरबीकडे झुकतो. हे वाचल्यावर गुडघा, पोट आणि हाड ही तीन दुखणी मला वेगळी वाटेनाशी झाली.

आणि यात आपल्या लोकांचे एक निराळेपण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. माझी आई त्यातलीच. वजनकाटा तिला कधीच लठ्ठ म्हणणार नाही. तिच्यासाठी काट्यापेक्षा कमरेला लावलेली शिंप्याची टेप अधिक खरे सांगते.

वजन उतरवू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या अभ्यासात ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत पाच किलोच्या आसपास उतरले, त्यांना दुखऱ्या गुडघ्यांचा धोका निम्म्यावर आला, असे १९९२ साली दिसले. पण उपास करून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायू आणि हाडही जाते. आईचे नेमके तेच झाले असणार. सध्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची घरोघरी चर्चा आहे, त्यासाठीही हे लिहिणे मला गरजेचे वाटते. त्यातल्याच सेमाग्लुटाइड या औषधाची चाचणी गुडघेदुखी असलेल्या स्थूल रुग्णांवर झाली, तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरले आणि शंभराच्या मापावर वेदना सुमारे ४२ गुणांनी घटली. तुलनेसाठी औषध नसलेले खोटे इंजेक्शन दिलेल्यांत ती २७ ते २८ गुणांनी घटली. ही खरीच आशेची बातमी आहे. पण ते रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, त्यांना आहार आणि व्यायामाचा सल्लाही मिळत होता. साठी ओलांडलेल्या बाईने भूक मेली म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढला, तर तिच्या हाडांचे काय होईल ते मी घरात पाहिले आहे.

आई आता पुन्हा वरण खाते, दूध घेते. सकाळी नाचणीची आंबील असते, शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडांचे औषध सुरू आहे. चुलत भावाने गुडघ्यांसाठी आणून दिलेल्या बिननावाच्या पुड्या मी फेकून दिल्या. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि त्याने हाड आणखी पोखरते. खुर्चीचा हात धरून ती दहा वेळा उठते-बसते, मग कमरेला हात लावून उभी राहते आणि मला विचारते, "झाले का गं दहा?" बऱ्याचदा आठच झालेले असतात. मोरीत धरायला दांडी बसवली आहे.

गुडघ्याचा एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. समोर पन्नाशी ओलांडलेली बाई असेल तर तिची पाळी कधी गेली, याआधी हाड मोडले आहे का, ती खाते काय, एवढे तरी विचारा आणि शंका आली तर डेक्सा सुचवा. कण्याबरोबर खुब्याचा आकडाही पाहा.

आपल्यालाही एक विनंती आहे. पडण्याच्या वर्षभर आधी आई एका मंगल कार्यालयातल्या मोफत शिबिरात जाऊन आली होती. तिथे छोट्या यंत्रात टाच ठेवायला लावून 'हाडे ठीक' असा कागद तिच्या हातात दिला होता. टाचेचे यंत्र प्राथमिक चाळणीपुरते असते, त्यावरून निदान करत नाहीत, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. आपल्या पानावर अशा शिबिरांच्या बातम्या आठवड्याला दोन-तीन तरी असतात. तपासणी टाचेच्या यंत्रावर होणार की डेक्सावर, ही एक ओळ त्या बातमीत जरूर छापावी.

आपली नम्र,
एक शिक्षिका, कराड