उपवासाची कॉफी आणि पित्त

महोदय,

नवरात्र आले की दवाखान्यात छातीतली जळजळ आणि आंबट ढेकरांच्या तक्रारी वाढतात. विचारले की कळते, पहाटेपासून नुसती कॉफी आणि दुपारी थेट साबुदाण्याची खिचडी! चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत कॉफी नाही. पण चवीला कडू असली तरी उष्ण, तीक्ष्ण म्हणून ती पित्त वाढवते, असे आम्ही वैद्य मानतो. त्यात शरद ऋतू मुळातच पित्तप्रकोपाचा. कॉफीने जठरातले आम्ल वाढते, हे आधुनिक शास्त्रही सांगते. वर किसून घातलेले जायफळ पाचक खरे, पण तेही उष्णच. पित्तप्रकृतीच्या मंडळींनी सकाळी आधी भिजवलेल्या मनुका खाव्यात. कॉफी खाण्यानंतर, तीही अर्धा कप. उपवासाच्या पाककृतींशेजारी आपण हेही छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वैद्य, सांगली