मिरजेच्या वूफरवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचा नंबर आहे माझ्याकडे, फोनही करता आला असता. पण परवा निघताना पैसे हातात ठेवून नुसतं "येतो" म्हणालो आणि गाडी अंकलीच्या पुलावर आली तेव्हा डोळे भरून आले. बोलायचं ते राहूनच गेलं होतं, म्हणून हे पत्र.

आमचे अण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. ते गेल्यावर घरातल्या कॅसेटी मी मोबाईलवर उतरवून घेतल्या. रोज तासभर गाडीत असतो, तेवढा वेळ त्यांचा हात नीट ऐकू यावा, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या दुकानात मला काय ऐकायचंय हे कुणी विचारलंच नाही. "साहेब, काचा हलतील," म्हणत दहा इंची वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, आणि त्यासाठी निळ्या लाईटचा तयार पोर्टेड बॉक्स, म्हणजे हवेसाठी भोक (पोर्ट) ठेवलेली पेटी, डिकीत बसवून दिला. काचा हलल्या खऱ्या. पण पखवाजाच्या डाव्या तोंडाचे बोल, अण्णांचा उघडा 'गे' आणि दाबलेला 'क', दोन्हींचा एकच "घूंऽऽ" ऐकू यायला लागला. दुसऱ्याने तर बॉक्सकडे बघितलंही नाही, अँप्लिफायर बदलायला लावला. पैसे गेले, घूं तेवढं वाढलं. आई एकदाच गाडीत बसली आणि म्हणाली, "बंद कर ते. हे ह्यांचं नाही." त्या दोन्ही दुकानदारांवर माझा आजही राग आहे. गिऱ्हाईक कशासाठी आलंय हे विचारायला पैसे पडत नाहीत.

तुम्ही पहिलंच वाक्य बोललात ते, "गाडीत काय ऐकतासा?" मी रेकॉर्डिंग लावलं. तुम्ही डिकी उघडून उकिडवे बसलात, डोळे मिटून पूर्ण अभंग ऐकलात आणि मग खांद्यावरचा पंचा काढलात, त्याची घट्ट गुंडाळी केलीत आणि पोर्टच्या तोंडात कोंबलीत. "आता ऐका."

आवाज कमी झाला. पण 'गे' वेगळा, 'क' वेगळा. कणीक लावलेल्या धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या त्या डाव्या तोंडावर, अण्णांचा पंजा पडतोय, तो पडून थांबतोय, हे कळलं. मामा, काही विकायच्या आधी माझ्या कानांना पटवून देणारे तुम्ही पहिले. त्या पंच्यासाठीच हे पत्र आहे, बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

कारणही तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. पोर्टची लांबी आणि तोंड ज्या फ्रिक्वेन्सीला जुळलेलं असतं, तिथला आवाज उचलला जातो. त्याच्या खाली गेलं की कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, मागून हवेचा आधार उरत नाही. सील्ड, म्हणजे भोक नसलेल्या बंद बॉक्समध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला जागेवर आणते. वूफरच्या कागदावरचे आकडे घेऊन एफएस, म्हणजे वूफरची स्वतःची फ्रिक्वेन्सी, 32 ला क्यूईएस, म्हणजे चुंबकाची कोनवरची पकड सांगणारा आकडा, 0.6 ने भागलंत, आले 53. "50 च्या आसपास आलं की सील्ड, 100 च्या जवळ गेलं तर पोर्टेड. ढोबळ हिशोब आहे, पण फसत नाही." सील्ड बॉक्सचं माप कंपनीनेच 0.7 घनफूट, म्हणजे साधारण 20 लिटर सांगितलं होतं. माझा बॉक्स त्याच्या दुपटीहून मोठा निघाला. तो कागद पहिल्या दुकानातही खोक्यातच होता. पोर्टेडला मात्र तुम्ही नावं ठेवली नाहीत. "डीजे ऐकणाऱ्याला मी तोच देतो," म्हणालात. दुसऱ्याच्या दुकानाबद्दलही एक वाकडा शब्द नाही. चांगला माणूस मला तिथे दिसला.

18 मिलिमीटरच्या एमडीएफचा नवा बॉक्स झाल्यावर तुम्ही कोन बोटांनी हलकेच दाबत जोडांवरून अगरबत्ती फिरवलीत. मागच्या कोपऱ्यात धूर थरथरला. मला तर ते दिसलंही नव्हतं. तुम्ही वूफर पुन्हा खोललात, आतून सिलिकॉन भरलंत आणि म्हणालात, "हे सुकू दे. उद्या या." मजुरी ठरली होती तेवढीच घेतलीत.

काल आईला गाडीत बसवलं. मी मुद्दाम काही बोललो नाही, अभंग लावला. तिसऱ्या कडव्याला तिचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. पुलाच्या अलीकडे म्हणाली, "इथं दम लागायचा त्यांना. ऐक, हात जरा मागं राहतो." मला कधीच कळलं नव्हतं, मामा. परत मागे घेऊन ऐकलं. खरंच राहतो.

जुना बॉक्स माळ्यावर टाकायला काढला तेव्हा पोर्टमध्ये तुमचा पंचा तसाच निघाला. आईने धुऊन, घडी घालून ठेवलाय. रविवारी दुकान उघडं असेल तर घेऊन येतो. आईही येते म्हणतेय.

तुमचा,
पखवाजवाल्या अण्णांचा मुलगा