सर्व्हरच्या कॅशची बॅटरी कोण बघतं?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

वळवाचे दिवस आलेत, लाईटचा काही भरवसा नाही, म्हणून लिहितोय. मी तालुक्याच्या गावात सर्व्हर मेंटेनन्सची कामं करतो. मागच्या वळवात एका पतसंस्थेत संध्याकाळी लाईट गेली, यूपीएसनं पाचच मिनिटांत मान टाकली, आणि लाईट आल्यावर डेटाबेस काही उघडेना. शेवटी आदल्या रात्रीचा बॅकअप टाकला आणि त्या दिवसाच्या सगळ्या पावत्या क्लार्क ताईंनी रात्री एक वाजेपर्यंत बसून परत टाईप केल्या, बोटाला थुंकी लावून एकेक स्लिप उलटत होत्या.

नंतर कंट्रोलरचं सेटिंग उघडलं तेव्हा कळलं. रेड कंट्रोलर म्हणजे सर्व्हरच्या अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, त्यावर कॅश म्हणजे तात्पुरती मेमरी असते, राइट-बॅक मोडमध्ये डेटा आधी तिच्यात जातो, सर्व्हरला "लिहिलं" असं सांगितलं जातं आणि डिस्कवर तो मागाहून उतरतो, त्यामुळे स्पीड मिळतो. पण मधेच लाईट गेली तर ती कॅश जिवंत ठेवायला बॅटरी लागते, नवीन कार्डांवर कॅपॅसिटर आणि फ्लॅश असतं. इथली बॅटरी कधीच मेली होती. बॅटरी मेली की कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर येतो, म्हणजे डिस्कवर उतरल्यावरच "लिहिलं" सांगतो, काम स्लो होतं, ते बरोबरच आहे हो, पण काउंटरवर रांग लागली म्हणून कोणीतरी टेक्निशियननं बॅटरी नसली तरी राइट-बॅक चालूच ठेवायचं सेटिंग करून दिलं आणि निघून गेला! सगळे खूश, कारण सॉफ्टवेअर पळायला लागलं. मला याचा फार राग येतो, कारण त्या सेटिंगवर लोकांचे पैसे उभे असतात आणि हे त्यांना कोणी सांगत नाही. डिस्कची स्वतःची पण कॅश असते, तिला ही बॅटरी पुरत नाही, ती बंदच ठेवलेली बरी.

दुसरं म्हणजे रिबिल्ड प्रायॉरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी घातलेल्या नव्या डिस्कवर डेटा परत भरायला कंट्रोलर किती जोर लावतो ते. रेड ५ मध्ये, म्हणजे डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायच्या एका पद्धतीत, एक डिस्क गेली तर काम चालू राहतं, पण नवीन डिस्क भरून होईपर्यंत दुसरी गेली की सगळंच गेलं. मेगारेड नावाच्या कंट्रोलर कार्डांवर हा रिबिल्डचा रेट मुळात ३० टक्के असतो. कामात अडथळा नको म्हणून लोक तो खाली ओढतात आणि मग मोठ्या डिस्क असल्या की रिबिल्ड दिवसेंदिवस चालतं. माझं म्हणणं, दिवसा मध्यम ठेवा आणि काउंटर बंद झाला की रात्री वाढवा, पण त्याआधी बॅकअप घ्या. एका ठिकाणी तर डिस्कचा पिवळा दिवा लागलेला, कंट्रोलर बीप बीप करतोय, आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून बीपच बंद करून टाकलेला.

पतसंस्था, दवाखाने, शाळा यांच्या संचालकांना कळकळीची विनंती आहे, एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात कॅशची बॅटरी दर तीन महिन्यांनी तपासायची असं लिहून घ्या, आणि सर्व्हरवाला आला की कॅश मोड आणि बॅटरीची स्थिती दाखवणाऱ्या स्क्रीनची प्रिंट सहीसकट फाईलला लावून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली जिल्हा