विषय : मंगळवारी मी गैरहजर नव्हते

प्रति,
व्यवस्थापक, केमो डे केअर व अपॉइंटमेंट विभाग

तुमच्या ॲपवरची तारीख आणि डे केअरच्या टेबलावरचं लांबडं रजिस्टर यांची एकमेकांशी ओळख नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. काउंटरवरच्या मुलींना माहीत आहे, वॉर्डबॉयला माहीत आहे, पार्किंगवाल्यालाही माहीत असावं.

माझी ही सहावी केमो, डोसिटॅक्सेल या औषधाची दुसरी. आधीच्या केमोनंतरचे ठरलेले 21 दिवस गेल्या मंगळवारी भरले. रविवारी साताऱ्यात सीबीसी, म्हणजे रक्ततपासणी केली, रक्तातल्या पेशी व्यवस्थित. सोमवारी सकाळपासून डेक्साच्या गोळ्या सुरू, या स्टेरॉइडच्या गोळ्या केमोच्या आदल्या दिवसापासून घ्याव्या लागतात. या गोळ्यांवर झोप लागत नाही, साखर चढते, आणि मला मधुमेह आहे. रात्री साखर 318. तरी पहाटे 4:30 ची एस.टी. धरून 8 ला पुण्यात तुमच्या दारात हजर. 11 वाजता कळलं की ॲपमध्ये नाव आहे, रजिस्टरमध्ये नाही, म्हणून केमो घ्यायची खुर्ची नाही. 2 पर्यंत नुसतं बसवलंत. त्यातच 12:10 ला तुमचा मेसेज : 'आपण अपॉइंटमेंटला उपस्थित राहिला नाहीत.' मी तेव्हा त्याच काउंटरपासून चार पावलांवर डब्यातली मुगाची खिचडी खात होते.

पेशी कमी असत्या तर डॉक्टरांनीच पुढे ढकललं असतं, ती गोष्ट वेगळी. इथे पेशी हजर, खुर्ची गैरहजर.

मग शनिवार दिलात. पुन्हा सीबीसी, पुन्हा शुक्रवारी सकाळपासून गोळ्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी 6 ला फोन की शनिवार फुल आहे. पोटात गेलेल्या गोळ्या कुठे परत करायच्या?

आता आजचा फोन. 14 मिनिटं सनई ऐकवल्यावर एक तरुण बोलला.

"मॅडम, मंगळवारी तुम्ही आला नव्हतात ना?"

"आले होते."

"सिस्टिममध्ये ॲबसेंट दाखवतंय. आता पुढचा मंगळवार मिळेल."

म्हटलं, तोवर 35 दिवस होतात. तर म्हणतो, "मग त्या तारखेपासून पुढचे 21 मोजायचे ना मॅडम." वर विचारलं, "आपण पेशंट की नातेवाईक?"

"पेशंट."

"मग घरातल्या कुणाला तरी फोन द्या, त्यांना समजावून सांगतो."

म्हणजे मला सांगून समजत नाही! मी 22 वर्षं एस.टी.च्या आरक्षण खिडकीवर काढली. एक सीट दोघांना गेली तर आम्ही उठून, गाडीपर्यंत जाऊन निस्तरत होतो. प्रवाशालाच 'तुम्ही आलाच नव्हतात' म्हणायची हिंमत आमच्या डेपोत कुणाची झाली नाही. आणि ती नुसती कोल्हापूरची सीट असायची.

तुमचे डॉक्टर चांगले, सिस्टर तर एका टोचणीत पोर्ट, म्हणजे औषध सोडायची कातडीखालची डबी, पकडतात. त्यांच्याच भरवशावर माझ्या भावजयीला मी तुमच्याकडे आणलं. आता तिला काय तोंड दाखवू?

माझ्या रेकॉर्डवरचा 'ॲबसेंट' शेरा काढा. विमावाले प्रत्येक सायकलला कागद मागतात, त्यांना मी काय उत्तर देऊ? मंगळवारी मी तिथेच होते, कॅमेरे बघा. पूर्ण फाइलची प्रत द्या, या पत्रापासून 72 तासांत, तो नियम तुम्हाला ठाऊक आहे. नाहीतर ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानं मला साताऱ्यातच तक्रार करता येते, पहाटेची एस.टी. धरावी लागत नाही. आणि तिथे दिलेली तारीख निदान रजिस्टरमध्ये असते.

मला याच गुरुवारची खुर्ची हवी. गोळ्या बुधवारी सकाळी सुरू कराव्या लागतात. तेव्हा उद्या संध्याकाळी 6 पर्यंत, रजिस्टर उघडून बघून, लेखी कळवा. घरातल्या कुणाला नाही, मला.